मॅमोग्राफीत दाबतात ते का, आणि आता त्यात काय काय बदललंय

मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीला, येणारी बाई कॅन्सरबद्दल नंतर विचारते, आधी विचारते "खूप दाबतात म्हणे, खरंय का?" कुणाच्या तरी जावेने नाहीतर ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलेलं असतं की अगं जीव जातो नुसता, आणि मग ती बाई दोन-दोन वर्षं टाळत राहते. मी टेक्निशियन आहे, हेच मशीन चालवते, त्यामुळे खोटं सांगणार नाही. दाबतात. काहींना चांगलंच दुखतं, काहींना नुसतं कसंतरी होतं, काहीजणी "झालं पण?" म्हणत कपडे घालायला जातात. पण का दाबतात हे कुणी धड सांगत नाही, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या तपासणीत केवढं बदललंय तेही फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून जरा बैजवार लिहिते.

आधी दाबण्याचंच घेऊ. स्तनात चरबी असते, दुधाच्या ग्रंथी असतात, नळ्या असतात आणि हे सगळं धरून ठेवणारे धागे असतात. एक्स-रे काढला की हे सगळे थर एकाच फोटोत एकावर एक येतात. हाडाचं बरं असतं, हाड पांढरं आणि बाकी सगळं वेगळं, लगेच कळतं. इथे गाठ आणि आजूबाजूची ग्रंथी यांच्यात एक्स-रेच्या हिशोबाने फरक इतका थोडा की तो दिसावा म्हणून मुद्दाम कमी ताकदीचे किरण वापरावे लागतात, साधारण 25 ते 30 किलोव्होल्टचे. आता कमी ताकदीचे किरण जाड भागातून नीट पार होत नाहीत, मग एकतर डोस वाढवा नाहीतर जाडी कमी करा. आम्ही जाडी कमी करतो. त्याने रेडिएशन कमी लागतं, एकावर एक आलेले थर पसरतात, आणि तिसरं म्हणजे स्तन हलत नाही. हे तिसरं लोकांना किरकोळ वाटतं पण कॅन्सरच्या अगदी सुरुवातीला कधीकधी गाठ नसतेच, नुसते कॅल्शियमचे बारीक कण दिसतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, आणि पेशंटने एक मोठा श्वास घेतला की ते फोटोत पुसले जातात. उरुग्वेचे डॉ. राउल लेबोर्ग्ने यांनी 1949च्या सुमारास हे कण आणि दाबून फोटो काढायची पद्धत या दोन्हींवर भर दिला, म्हणजे दाबण्याची ही भानगड आजची नाही.

रेडिएशनचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. दोन्ही बाजूंचे मिळून चार फोटो निघतात आणि त्याचा एकूण डोस साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट भरतो. आपण काहीही न करता जमिनीतून, हवेतून, आकाशातून जे रेडिएशन घेत असतो ते साधारण सात आठवड्यांत तेवढं होतं. म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण उगाच दर सहा महिन्यांनी काढत बसण्यासारखंही नाही.

चार फोटो म्हणजे प्रत्येक बाजूचे दोन. एक वरून खाली, तो सोपा. दुसरा तिरका, आणि सगळी रड तिथेच असते. तिरक्या फोटोत मशीन कलतं करतात, प्लेटचा कोपरा पार काखेत जातो, हात बाजूच्या दांडीवर ठेवायचा, आणि काखेपासून खालच्या घडीपर्यंत सगळं फोटोत यायला पाहिजे, छातीचा स्नायूसुद्धा, कारण काखेकडच्या वरच्या बाहेरच्या भागातच जास्त कॅन्सर सापडतात. आता होतं काय की बाई घाबरलेली असते, प्लेट गार असते, ती खांदे वर उचलते आणि स्नायू ताठ करते. स्नायू ताठ झाला की स्तन पुढे ओढता येत नाही, मग आम्ही जास्त ओढतो, मग जास्त दुखतं, मग ती अजून ताठ होते. म्हणून आम्ही सारखं बडबडत असतो, काकू खांदा सोडा, मान तिकडे करा, पाय थोडे पुढे घ्या, दांडी पकडू नका नुसता हात ठेवा. ऐकणारीला वाटतं ही बाई किती सूचना देते, पण खांदा सैल सुटला की दुखणं निम्मं कमी होतं हे रोज बघते मी. प्लेट पूर्ण खाली आली की श्वास रोखायचा, फोटो निघाला की आताच्या बहुतेक मशीनमध्ये प्लेट आपोआप सुटते, कुणी बटण दाबायची वाट बघावी लागत नाही. सगळं मिळून एका फोटोला दहा-पंधरा सेकंद दाब असतो.

आता दाब किती द्यायचा, तर इथे एक गंमत आहे जी बरीच वर्षं कुणी फार मनावर घेतली नाही. मशीनच्या स्क्रीनवर जो आकडा येतो तो जोराचा असतो, न्यूटनमध्ये, साधारण शंभर ते दोनशेच्या दरम्यान. पण तोच जोर मोठ्या स्तनावर पसरून पडतो आणि लहान स्तनावर एवढ्याशा जागेत पडतो. म्हणजे आकडा एकच पण लहान स्तनाच्या बाईला दुखणार कितीतरी जास्त, आणि वर तिलाच ऐकवलं जायचं की एवढं काय त्यात, बाकीच्यांना तर नाही दुखत. नेदरलँड्समध्ये यावर काम झालं आणि त्यातून असं पॅडल, म्हणजे वरून दाबणारी प्लेट, निघालं की जे जोराऐवजी दाब मोजतं, म्हणजे किती जागेवर किती जोर पडतोय ते, आणि साधारण 10 किलोपास्कलच्या आसपास थांबायला सांगतं. हा दाब म्हणजे पाऱ्याच्या हिशोबाने 75 मिलिमीटर, आपल्या बीपीच्या खालच्या आकड्याच्या जवळपास. प्रत्येकीला सारखा जोर देण्यापेक्षा सारखा दाब देणं कधीही शहाणपणाचं.

दुसरा बदल म्हणजे रिमोट पेशंटच्याच हातात देणं. जीई कंपनीच्या सेनोग्राफ प्रिस्टिना मशीनला असा रिमोट आला, अमेरिकेत 2017 साली त्याला परवानगी मिळाली. टेक्निशियन पोझिशन करून देते, सुरुवातीचा दाब देते, आणि पुढचा दाब बाई स्वतः बटण दाबून वाढवते. वाटेल की बाई कशाला जास्त दाबून घेईल, पण स्वतःच्या हातात असलं की माणूस बरंच सहन करतो, आणि नको तिथे थांबता येतं एवढ्यानेच भीती उतरते. त्याच सुमारास होलॉजिक कंपनीने सपाट पॅडलऐवजी किंचित वळणदार पॅडल आणलं. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या सेंटरवर अशी मशीन आहेत पण तालुक्याच्या ठिकाणी नसतात, त्यामुळे "ताई मला रिमोटवालं करा" म्हणलं तर सगळीकडे होईलच असं नाही.

पण दुखणं कमी करायला महागडं मशीनच लागतं असंही नाही. वेगवेगळे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिने 2008 साली यावरचे अभ्यास एकत्र करून बघितले. त्यात आधी नीट समजावून सांगितलं तर दुखणं कमी जाणवतं असं दिसलं, दाब बाईच्या हातात दिला तर कमी जाणवतं, प्लेटवर मऊ पॅड ठेवलं तरी कमी होतं पण काही बायकांच्या फोटोची क्वालिटी बिघडते. आणि आधी पॅरासिटामॉल घेऊन काही फरक पडला नाही! ती गोळी तर घरून घेऊन येणाऱ्या कितीतरी जणी असतात. थोडक्यात सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दोन मिनिटं बोलणं, आणि नेमकं तेच होत नाही कारण बाहेर लाइन लागलेली असते आणि मागून कुणीतरी ओरडत असतं की किती वेळ. पाळीचं एक लक्षात ठेवा, पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात स्तन भरलेले आणि दुखरे असतात, तेव्हा अपॉइंटमेंट घेऊच नका, पाळी संपल्यानंतरचा आठवडा बघा. पाळी गेलेली असेल तर कधीही चालतं.

लाजेचं काय, तेही बोलायला पाहिजे. ब्रिटनच्या सरकारी स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे त्रास नसतानाच सगळ्यांची तपासणी करतात त्यात, फोटो काढणाऱ्या सगळ्या बायकाच असतात, हे तिथे ठरलेलंच आहे. आपल्याकडे तसं सगळीकडे नाही, म्हणून फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, बाई टेक्निशियन आहे का, कधी असते. यात काही नखरे नाहीत. टू-पीस घालून या, म्हणजे फक्त वरचं काढावं लागतं, साडी किंवा पंजाबी ड्रेस असला तरी चालतो पण वन-पीस असला की पंचाईत होते. आणि त्या दिवशी काखेत डिओ, पावडर काही लावू नका, डिओमधलं अॅल्युमिनियम फोटोत त्या कॅल्शियमच्या कणांसारखंच दिसतं आणि मग उगाच परत बोलावणं आलं की सगळ्या घराची झोप उडते.

आता टेक्नॉलॉजीकडे येऊ. पूर्वी फिल्म होती. फिल्मवर एकदा जे आलं ते आलं, उजळ-काळोखं करता येत नाही. अमेरिकेत 2000 साली डिजिटल मॅमोग्राफीला परवानगी मिळाली, आणि मग जवळपास 50 हजार बायकांवर फिल्म आणि डिजिटलची तुलना झाली, तिचे निकाल 2005ला आले. एकूण सगळ्या बायका धरल्या तर दोन्ही सारखेच निघाले, पण पन्नाशीच्या आतल्या, पाळी सुरू असलेल्या आणि दाट स्तनाच्या बायकांमध्ये डिजिटल सरस ठरलं. हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे कारण भारतात हा कॅन्सर युरोप-अमेरिकेपेक्षा साधारण दहा वर्षं आधी दिसतो, चाळिशीतल्या बायका भरपूर असतात.

दाट म्हणजे काय ते सांगते, कारण रिपोर्टमध्ये "डेन्स" शब्द वाचून बायका घाबरतात. चरबी एक्स-रेमध्ये काळी दिसते, ग्रंथी आणि धागे पांढरे दिसतात, आणि गाठही पांढरीच दिसते. ज्या स्तनात चरबी जास्त तिथे काळ्यावर पांढरं, पटकन दिसतं. ज्यात ग्रंथी जास्त तिथे सगळंच पांढरं, मग गाठ शोधणं म्हणजे तांदळात पांढरा खडा शोधण्यासारखं, असतो तिथेच पण नजर त्याच्यावरून जाते. डेन्सिटीचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार लिहितात, सी आणि डी म्हणजे दाट. हा आजार नाही, हाताला कडक लागण्याशीही त्याचा संबंध नाही, तो फक्त फोटोतच कळतो. दाट स्तनात कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो आणि वर तो लपतोही, म्हणून अमेरिकेत सप्टेंबर 2024 पासून प्रत्येक बाईला तिची डेन्सिटी लेखी कळवणं सक्तीचं झालंय. आपल्याकडे रिपोर्टमध्ये बऱ्याचदा लिहिलेलं असतं पण कुणी वाचून सांगत नाही, तुम्हीच बघा, एसीआर टाइप सी किंवा डी असं काहीतरी असेल.

या पांढऱ्यात पांढऱ्याच्या प्रॉब्लेमवर पहिलं मोठं उत्तर म्हणजे टोमोसिंथेसिस, ज्याला सगळे 3डी मॅमोग्राफी म्हणतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. डॅनियल कोपन्स यांच्या टीमने यावर बरीच वर्षं काम केलं आणि फेब्रुवारी 2011 मध्ये पहिल्या मशीनला परवानगी मिळाली. यात एक्स-रेची ट्यूब एका जागी न राहता कमानीसारखी फिरते, कंपनीप्रमाणे 15 ते 50 अंश, आणि जाता जाता कमी डोसचे बरेच फोटो घेते. कॉम्प्युटर त्यातून एकेक मिलिमीटरच्या चकत्या बनवतो, आणि डॉक्टर एकेक चकती पुढे सरकवत बघतात, त्यामुळे वरची ग्रंथी खालच्या गाठीवर येत नाही. जास्त कॅन्सर सापडतात आणि उगाच परत बोलावणं बऱ्याच ठिकाणी कमी झालंय. पण एक गैरसमज, 3डी आहे म्हणजे दाबत नाहीत असं समजून बायका जास्त पैसे भरून येतात आणि आत आल्यावर नाराज होतात. दाबतातच, तसंच, थोडं जास्त वेळ सुद्धा, कारण ट्यूब फिरायला काही सेकंद लागतात. सुरुवातीला 2डी आणि 3डी दोन्ही काढायचे म्हणून डोस जवळपास दुप्पट व्हायचा, आता 3डीतूनच कॉम्प्युटर 2डी चित्र तयार करतो त्यामुळे तो प्रश्न बराचसा मिटला.

अजिबात न दाबणारं काही आहे का, तर सोनोग्राफी आहे. जेल, प्रोब, पाठीवर झोपायचं, हात डोक्याखाली. रेडिएशन नाही. दाट स्तनात ती गाठी छान दाखवते. जपानमध्ये चाळिशीतल्या जवळपास 73 हजार बायकांवर अभ्यास झाला, 2016 मध्ये निकाल आले, नुसत्या मॅमोग्राफीने जिथे शंभरातले 77 कॅन्सर पकडले जात होते तिथे सोनोग्राफी जोडल्यावर 91 पकडले गेले. मग नुसती सोनोग्राफीच का नको, असं लगेच विचारतात. एक तर ते मघाचे कॅल्शियमचे कण सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत, आणि दुसरं म्हणजे ती करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते, शिवाय साध्या निरुपद्रवी गाठी पण भरपूर सापडतात आणि त्यातून सुया टोचणं वाढतं. म्हणून चाळिशीच्या पुढे जोडी म्हणून चांगली, आणि तिशीतल्या मुलीला हाताला गाठ लागली असेल तर पहिली तपासणी सोनोग्राफीच.

एमआरआय सगळ्यात धारदार. पालथं झोपायचं, दोन्ही स्तन खालच्या खाचेत मोकळे सोडलेले असतात, दाबणं नाहीच, पण आवाज प्रचंड, बंद जागा, आणि हातातून गॅडोलिनियमचं इंजेक्शन. कॅन्सरच्या गाठीला रक्त जास्त लागतं म्हणून तिथे औषध पटकन जमा होतं आणि ती उठून दिसते, डेन्सिटी कितीही असो. नेदरलँड्समध्ये एकदम दाट स्तनाच्या बायकांना मॅमोग्राफीनंतर एमआरआय द्यायचा मोठा अभ्यास झाला, 2019ला छापून आला. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उद्भवणारे कॅन्सर हजारात 5 वरून 2.5 वर आले. पण अर्धा-पाऊण तास त्या बोगद्यात कोण पडून राहणार आणि खर्चाचं काय? म्हणून जर्मनीच्या डॉ. क्रिस्टियाने कूल यांनी 2014 मध्ये छोट्या एमआरआयची कल्पना मांडली, हवे तेवढेच फोटो, दहा मिनिटांच्या आत मोकळं. घरात बीआरसीएची म्युटेशन, म्हणजे या कॅन्सरचा धोका खूप वाढवणारा जनुकातला बदल, असलेल्या बायकांना तर वर्षाला एमआरआय सांगतातच. त्याच तत्त्वावर मॅमोग्राफीत आयोडीनचं इंजेक्शन देऊन फोटो काढायची पद्धतही आलीये, एमआरआयपेक्षा स्वस्त आणि लवकर होणारी, मात्र दाब आहे आणि किडनीचा त्रास किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगायलाच पाहिजे.

एआयबद्दल आजकाल रोज काहीतरी येतं. खरं काम काय झालंय तर स्वीडनमध्ये. युरोपातल्या स्क्रीनिंगमध्ये बहुतेक ठिकाणी प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर वेगवेगळा वाचतात. लुंड युनिव्हर्सिटीच्या टीमने 1 लाखाहून जास्त बायकांचे दोन गट केले, एका गटाला नेहमीसारखे दोन डॉक्टर, दुसऱ्या गटात एआय आधी बघून धोका किती ते सांगणार, कमी धोक्याचे फोटो एकच डॉक्टर बघणार आणि जास्त धोक्याचे दोघे. डॉक्टरांचं वाचायचं काम 44 टक्के कमी झालं आणि कॅन्सर 29 टक्के जास्त सापडले, उगाच परत बोलावणं फारसं वाढलं नाही. माझ्या मते आपल्याकडे याचा उपयोग वेगळ्याच कारणासाठी होईल, आपल्याकडे दोन सोडाच पण मॅमोग्राफी रोज वाचणारा एक रेडिओलॉजिस्ट मिळायची मारामार असते. पण बऱ्याच सिस्टिम परदेशी बायकांच्या फोटोंवर शिकलेल्या असतात, त्यामुळे आपल्या बायकांवर आधी नीट तपासून बघायला पाहिजे. सेंटरने बोर्डावर "एआय मॅमोग्राफी" लिहिलं की भारावून जाऊ नका, शेवटी रिपोर्टवर सही कुणाची आहे ते बघा.

रिपोर्टचंच घ्या. त्यात बाय-रॅड्स म्हणून एक नंबर असतो आणि लोक तो कॅन्सरची स्टेज समजतात! बाय-रॅड्स 4 वाचून चौथी स्टेज आली म्हणून रडत आलेल्या बायका बघितल्यात. स्टेजशी त्याचा काही संबंध नाही. 1 म्हणजे काही नाही, 2 म्हणजे काहीतरी आहे पण साधं, 3 म्हणजे जवळपास नक्की साधं, कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी परत बघू. 4 म्हणजे बायोप्सी करून, म्हणजे सुईने बारीक तुकडा काढून तपासून, खात्री करा, आणि यात 2 टक्क्यांपासून 95 टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं, म्हणून 4ए, 4बी, 4सी असे भाग करतात. 5 म्हणजे दाट शंका. आणि 0 म्हणजे वाईट नाही हो, 0 म्हणजे अजून एखादा फोटो किंवा सोनोग्राफी पाहिजे, एवढंच. अमेरिकेत हजार बायकांमागे साधारण शंभरेक जणींना परत बोलावतात आणि त्यातल्या पाचेक जणींना कॅन्सर निघतो.

बायोप्सीचं नाव काढलं की घरातलं कुणीतरी ठाम सांगतं, सुई लावली की पसरतो. सुईने तपासल्यामुळे पेशंट लवकर दगावतो असा पुरावा नाही, उलट न तपासता थांबल्याने जे नुकसान होतं ते आम्ही डोळ्यांनी बघतो. आता बायोप्सीही जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत जाड सुईने करतात, टाका नाही, ॲडमिट नाही. कण असतील तर मॅमोग्राफीवर बघून व्हॅक्यूमच्या सुईने करतात, आणि जागा कळावी म्हणून आत तिळाएवढी टायटॅनियमची क्लिप सोडतात, ती तशीच राहिली तरी काही होत नाही.

इथपर्यंत सगळं चांगलंच सांगितलं, पण स्क्रीनिंगला दुसरी बाजू पण आहे आणि ती लपवणं मला पटत नाही. ब्रिटनमध्ये 2012 साली सर मायकल मार्मट यांच्या समितीने सगळा पुरावा तपासून सांगितलं की स्क्रीनिंगने मृत्यू साधारण 20 टक्के कमी होतात, पण प्रत्येक वाचलेल्या जिवामागे साधारण तीन बायकांवर अशा कॅन्सरचे उपचार होतात जो आयुष्यभर त्यांना कधी त्रास देणार नव्हता. कुठला त्रास देणार आणि कुठला नाही हे आज ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांवर उपचार होतात. म्हणून तर कितव्या वर्षापासून आणि किती वर्षांनी यावर देशादेशांत एकमत नाही, ब्रिटन पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी बोलावतं, अमेरिकेच्या सरकारी समितीने 2024 मध्ये चाळिशीपासून 74 पर्यंत दर दोन वर्षांनी करा म्हणून सांगितलं.

आणि आपण? 2022च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला 1 लाख 92 हजार बायकांना नव्याने हा कॅन्सर होतो आणि 98 हजार दगावतात. आणि 2019-21च्या सरकारी सर्व्हेत 30 ते 49 वयाच्या बायकांमध्ये स्तनाची तपासणी कधीतरी एकदा तरी झालीये असं सांगणाऱ्या शंभरात एकसुद्धा नव्हती, 0.9 टक्के. इथे 3डी की एआय हा वाद घालायचा कसा? सगळ्या देशातल्या बायकांना मॅमोग्राफी देण्याइतकी मशीनही नाहीत आणि वाचणारे डॉक्टरही नाहीत. म्हणूनच मला मुंबईतला टाटा मेमोरियलचा अभ्यास या सगळ्यात मोठा वाटतो. 1998 मध्ये सुरू झाला, वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायका, त्यातल्या निम्म्यांना दर दोन वर्षांनी डॉक्टर नसलेल्या पण नीट ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविकांनी हाताने तपासलं, बस. मशीन नाही, रेडिएशन नाही, दाबणं नाही. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या टीमने वीस वर्षांचा हिशोब 2021 मध्ये मांडला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणारे 37 टक्के, दुसऱ्या गटात 47. एकूण मृत्यू 15 टक्क्यांनी कमी दिसले पण तो फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, मात्र पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी अशी हाताने तपासणी सांगितलेलीच आहे. आशाताई तो लांबलचक फॉर्म घेऊन दारात येते ना, त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्ताळ पाणी येतं का, आकार बदललाय का असे प्रश्न असतात. बायका दारातल्या दारात सासूसमोर "नाही नाही" म्हणून मोकळ्या होतात. तिला आत घ्या, बसवा, आणि खरं सांगा.

न शिवता, न दाबता तपासणी करू म्हणणारी नवी तंत्रं पण आपल्याकडे आलीयेत. बेंगळुरूच्या निरामाई कंपनीची पद्धत उष्णतेचा कॅमेरा आणि एआय यावर चालते, बाई एकटी खोलीत कॅमेऱ्यासमोर बसते, कुणी हातही लावत नाही, त्यामुळे लाजणाऱ्या बायकांना हे फार सोयीचं वाटतं. हातात धरायचं, स्पर्शाने कडकपणा मोजणारं यंत्रही आहे. शिबिरात कुणाला पुढे पाठवायचं हे ठरवायला अशी साधनं उपयोगी पडू शकतात, पण औषधं आणि यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने स्पष्ट सांगितलंय की नुसती थर्मोग्राफी, म्हणजे उष्णतेच्या कॅमेऱ्याची तपासणी, मॅमोग्राफीच्या जागी धरू नका. तिथे "नॉर्मल" आलं आणि हाताला गाठ लागतेय, तर हाताचं ऐका. आणि हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये सीए 15-3 नावाची रक्ताची टेस्ट टाकतात, तिचा स्क्रीनिंगला काही उपयोग नाही, ती टेस्ट उपचार चालू असलेल्या पेशंटची आहे, त्यापेक्षा ते पैसे मॅमोग्राफीला ठेवा.

एवढं सगळं करून आमच्याकडे येताना एक गोष्ट मात्र जवळपास सगळ्या विसरतात, ती म्हणजे जुनी फिल्म किंवा सीडी. डॉक्टरला नुसता आजचा फोटो बघून जे संशयास्पद वाटतं ते दोन वर्षांपूर्वीही तसंच होतं असं दिसलं की बऱ्याचदा विषय तिथेच मिटतो, बायोप्सी वाचते, आणि जे तेव्हा नव्हतं आणि आज आहे ते लगेच डोळ्यात भरतं. नुसता टाइप केलेला रिपोर्ट आणून उपयोग नाही, चित्रं पाहिजेत. फिल्म असेल तर घडी घालून पर्समध्ये कोंबू नका, सपाट पिशवीतून आणा, आणि सीडी असेल तर घरून निघण्यापूर्वी एकदा कॉम्प्युटरवर उघडून बघा, अर्ध्या सीड्या आमच्याकडे आल्यावर रिकाम्याच निघतात.